नव्या माध्यमांतील लेखन आणि महाडचा धडा

गेल्या काही वर्षांत महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांतून 'डिजिटल कम्युनिकेशन', 'मल्टिमीडिया रायटिंग', 'मास मीडिया' अशी नावे वारंवार दिसू लागली आहेत. आपल्या नाते विभागातील बारावी झालेली मुले-मुली ही नावे वाचतात, एकमेकांना विचारतात आणि बहुधा पान उलटून पुढे जातात. पालकांची अडचण वेगळी असते. मोबाईल तर पोरांच्या हातात दिवसरात्र असतोच, मग त्याचेच शिक्षण घेण्यासाठी कॉलेजात तीन वर्षे कशाला घालवायची, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. नर्सिंग किंवा आय.टी.आय. केल्यावर पुढे काय होते हे गावातल्या चार जणांकडे पाहून कळते. या विषयाचे तसे नाही. म्हणून संस्थेच्या या स्मरणिकेत सदर विषयाची थोडी सविस्तर ओळख करून द्यावी, आणि उदाहरणे शक्यतो आपल्याच तालुक्यातील घ्यावीत, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम नावाचा उलगडा करू. डिजिटल संप्रेषण म्हणजे संगणक, मोबाईल, इंटरनेट यांच्याद्वारे माहिती एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोहोचविणे. बहुमाध्यमी लेखन म्हणजे एकच विषय शब्द, छायाचित्र, ध्वनी, चलचित्र, नकाशा अशा अनेक अंगांनी मांडणे, आणि यांपैकी कोणते काम कोणत्या अंगाकडे सोपवायचे हे आधी ठरवून मग लिहिणे. पालकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या ठरविण्यातच आहे. मोबाईल वापरता येणे आणि हे ठरविता येणे यांत ट्रॅक्टरवर बसणे आणि शेती करणे यांच्याइतके अंतर आहे.

महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा अगदीच नवी नाही. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचा विभाग १९६४ पासून चालत आला आहे. तेव्हा पत्रकारिता म्हणजे मुख्यत्वे वृत्तपत्र. आपला तालुका ज्या मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्या विद्यापीठाने पुढे बी.एम.एम. ही तीन वर्षांची पदवी सुरू केली. बारावीला कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी कोणतीही शाखा असली तरी ती घेता येत असे, आणि तिसऱ्या वर्षी पत्रकारिता किंवा जाहिरात यांतील एक दिशा निवडावी लागे. २०१९-२० पासून या पदवीच्या नावात 'मल्टिमीडिया' हा शब्द आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदव्यांची रचना पुन्हा बदलत आहे. त्यामुळे कोणत्या वर्षी कोणता विषय, हे प्रवेशापूर्वी ज्या त्या महाविद्यालयात जाऊन पाहावे हे बरे.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाला १९५६ साली कायद्याचे स्वरूप आले, त्या सुमारास त्याचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे गेले त्या चिंतामणराव देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी आपल्याच नाते गावी झाला. देशातील विद्यापीठांचा कारभार ज्यांनी काही काळ पाहिला, त्यांच्या गावच्या मुलांनी माहितीपत्रकाचे पान न वाचता उलटावे, हे काही बरे दिसत नाही.

दगडावरची ओळ

या अभ्यासक्रमात शिकविल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी सर्वांत साधी वाटणारी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे छायाचित्राखालची ओळ. चित्रात काय आहे ते दिसतच असते. कोण, कोठे, केव्हा, किती हे मात्र चित्र सांगत नाही, ते ओळीने सांगायचे असते.

महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत आपण पौर्णिमेला जातो, मुलांची सहल नेतो. तेथे ब्राह्मी लिपीत कोरलेला एक दानलेख आहे. कुमार कानभोज विष्णुपालित याने हे लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि दोन्ही बाजूंना दोन पाण्याच्या पोढी दान दिल्या, असा त्याचा आशय आहे. 'आठ' आणि 'दोन' हे शब्दांत लिहून त्यांच्यापुढे आकडेही कोरले आहेत. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखनिकाने लेणे भव्य आहे, दाता थोर आहे असे काही लिहिले नाही. देणाऱ्याचे नाव लिहिले, दिलेल्या वस्तू मोजून लिहिल्या आणि तो थांबला. आज कोणीही तेथे जाऊन खोल्या मोजू शकतो. पडताळून पाहता येईल असे लिहावे, हा नव्या माध्यमांच्या वर्गातील पहिल्या महिन्याचा धडा आहे, आणि तो आपल्या डोंगरावर आधीपासून कोरलेला आहे.

आता आपल्या मोबाईलवर येणारी छायाचित्रे आठवावीत. पावसाळा लागला की पुराच्या चित्रफिती फिरू लागतात. त्यांतील कोणती २००५ ची, कोणती २०२१ ची, कोणती महाडची आणि कोणती चिपळूणची, हे सांगणारी एक ओळ त्यांच्यासोबत नसते. पाणी सगळीकडे सारखेच गढूळ दिसते. मुंबईत कामाला असलेला मुलगा ती फीत पाहून घाबरतो, गावी फोन लावतो, फोन लागत नाही, आणि तो आणखी चार गटांत तीच फीत पाठवतो. यात खोटेपणा करण्याचा कोणाचाच हेतू नसतो. फक्त ज्याने प्रथम चित्र काढले त्याला खाली तारीख, वेळ आणि गावाचे नाव लिहावेसे वाटले नाही. एवढ्या आळसातून किती घरांची झोप जाते!

अफवा आणि अक्षर

या ठिकाणी महाडच्या सत्याग्रहाकडे वळणे आवश्यक आहे. सत्याग्रहाचा इतिहास आपण सर्वजण जाणतो, म्हणून तो येथे पुन्हा सांगत नाही. माध्यमांचा विद्यार्थी म्हणून त्यात काय पाहावे तेवढेच पाहू.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. त्यापूर्वी सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला होता आणि महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे १९२४ साली ठरविले होते. म्हणजे कागदावर हक्क होता. २० मार्चला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक तळ्यावर गेली, पाणी प्यायले गेले आणि लोक शांतपणे मंडपाकडे परतले. त्यानंतर गावात एक बातमी पसरली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. तसा कोणताही बेत नव्हता. परंतु ती अफवा घरोघर पोहोचली, जमाव जमला, आणि मंडपात जेवत असलेल्या व परतीच्या वाटेला लागलेल्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या.

विद्यार्थी मित्रहो, १९२७ साली महाडात मोबाईल नव्हता. तरीही खोटी बातमी दोन-अडीच तासांत सारे गाव फिरली. तेव्हा अफवेचे खापर यंत्रावर फोडण्यात अर्थ नाही. ज्याला ऐकावेसे वाटते तेच सांगणारी बातमी पाय नसताना धावते, आणि भीतीला पुराव्याची गरज भासत नाही. यंत्राने फक्त वेग वाढविला.

पुढे काय झाले ते अधिक मोलाचे आहे. बाबासाहेबांचे पहिले पाक्षिक 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले होते. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही छापली नाही, हे प्रसिद्धच आहे. ते पाक्षिक पुढे बंद पडले. महाडच्या प्रसंगी आपल्या समाजाची बाजू मांडणारे बाबासाहेबांचे स्वतःचे पत्र चालू नव्हते. मारहाणीनंतर इतर पत्रांतून आपापल्या सोयीची हकिगत येऊ लागली. अशा वेळी बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे तळ्यावरील प्रसंगानंतर बरोबर चौदाव्या दिवशी, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक काढला. संपादक ते स्वतः. मदतीला माणसे नव्हती, पैसा नव्हता, आणि अंकाचे बहुतेक रकाने त्यांना एकट्यालाच भरावे लागत, हे त्यांनीच पुढे नमूद केले आहे.

त्या पत्रात महाडविषयी एप्रिल-मे १९२७ मध्ये लागोपाठ जे अग्रलेख आले, त्यांची रचना प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावी. प्रसंग एकच, महाडचा धर्मसंग्राम. पण एका लेखात वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी सांगितली, दुसऱ्यात इंग्रज सरकारची, तिसऱ्यात अस्पृश्यवर्गाची स्वतःची. ज्याला जे सांगायचे ते त्याच्याकडे तोंड करून सांगितले. आजच्या अभ्यासक्रमात 'वाचकवर्गाची निश्चिती' या नावाने एक संपूर्ण प्रकरण असते, आणि बहुतेक पुस्तकांत त्याला साबण-बिस्किटांच्या जाहिरातींची उदाहरणे देतात. आमच्या मते या तीन अग्रलेखांएवढे चांगले उदाहरण मराठीत शोधून सापडणे कठीण. महाराष्ट्र शासनाने 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचे अंक एकत्र करून १९९० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तो ग्रंथ मिळवून मुलांनी मुळातूनच वाचावा.

पुढे 'समता' (१९२८), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) अशी ही परंपरा चालली. तिच्याही मागे आपल्याच तालुक्यातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'दीनबंधू'सारख्या पत्रांतून लिहीत होते. फौजेतून निवृत्त झालेला माणूस हाती लेखणी धरतो आणि शास्त्र्यांना जाहीर प्रश्न विचारतो, ही आपल्या तालुक्याची जुनी गोष्ट आहे. माध्यम आपल्याला नवे नाही.

आज अंक काढण्यासाठी छापखाना लागत नाही. २००२ साली चित्रकूट भागात ग्रामीण स्त्रियांनी 'खबर लहरिया' हे बुंदेली बोलीतील छापील पत्र सुरू केले. त्यांत दलित स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. पुढे त्यांनी हातात मोबाईल घेऊन तेच काम चलचित्रांतून केले, आणि त्यांच्यावरील 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२२ च्या ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. मीना कोतवाल यांनी २०२१ साली 'द मूकनायक' हे डिजिटल वृत्तपत्र सुरू केले, त्याचे नाव कोठून घेतले हे सांगायला नको. मात्र एक सावधगिरीची गोष्ट. जाहिरात नाकारणारा संपादक १९२० साली निदान दिसत तरी होता. आज आपला मजकूर किती जणांपुढे जावा हे परदेशातील कंपनीचे गणित ठरविते, आणि त्याला जाब विचारायला दार नाही. म्हणून लिहिलेल्या मजकुराची स्वतःची प्रत स्वतःकडे राखून ठेवणे हे या विद्येतले पथ्यच समजावे.

सम्यक वाचा

पंचशीलातील चौथे शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो. त्यात खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. अष्टांगिक मार्गातील सम्यक वाचा त्याहून विस्ताराने सांगितली आहे: खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये आणि निरर्थक बडबड करू नये. हे चार निकष घेऊन एक दिवस आपल्या मोबाईलमधील आलेले-गेलेले संदेश तपासावेत. आमच्या अनुभवाने पहिल्या तिन्हींतून पुष्कळ संदेश सुटतात. चौथ्यात मात्र ढीग अडकतो!

केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी जो उपदेश केला तो तर बातमी पडताळण्याचा पाठच आहे. केवळ ऐकिवात आहे म्हणून, परंपरेने आले आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, ती स्वतः पारखून पाहा, असा त्याचा भाव. यातील शेवटचे कारण विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपल्याच माणसाने, आपल्याच गटात पाठविलेली, आपल्या चळवळीच्या बाजूची बातमीसुद्धा पारखावी लागते. बाबासाहेबांच्या नावावर अलीकडे जी वाक्ये रंगीत चित्रांवर छापून फिरतात, त्यांतील किती त्यांच्या ग्रंथांत सापडतात हे विद्यार्थ्यांनी शोधून पाहावे. खंड आणि पृष्ठ देता येत नसेल तर ते वाक्य पुढे पाठवू नये. कौतुकापोटी केलेला असत्याचा प्रसार हाही असत्याचाच प्रसार होय.

मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात आणखी एक बारकावा आहे. सत्य आणि हितकारक असले तरी तथागत ते योग्य वेळ पाहूनच बोलतात. अपघात किंवा दरडीच्या प्रसंगी मृतांची नावे घरच्यांना कळण्यापूर्वी गटावर टाकणाऱ्यांनी हे सुत्त जरूर वाचावे.

हाताने करावयाचे काम

आता प्रत्यक्ष कौशल्याकडे येऊ. चलचित्रासाठी लिहिताना कागदाचे दोन भाग करतात. डावीकडे काय दिसेल ते आणि उजवीकडे काय ऐकू येईल ते. नवशिक्या मुलांच्या संहितेत दोन्हीकडे एकच असते: पडद्यावर तळे दिसते आणि निवेदक म्हणतो, हे तळे आहे. दिसणारी गोष्ट पुन्हा बोलू नये. तळे दिसत असताना त्याची तारीख, त्याचा खटला, उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ चा निकाल हे बोलावे. निवेदकाला मिनिटात सव्वाशेच्या आसपास शब्द वाचता येतात, म्हणजे तीन मिनिटांच्या फितीला पावणेचारशे शब्द पुरतात. एवढ्या थोड्या जागेत काय सोडायचे हे ठरविताना घाम फुटतो.

कानासाठी लिहिणे हे आणखी वेगळे. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही. त्यामुळे वाक्य लहान लागते आणि मुद्दे थोडे लागतात. बाबासाहेबांचे ३ ऑक्टोबर १९५४ चे आकाशवाणीवरील भाषण याचा नमुना आहे. आपले तत्त्वज्ञान त्यांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांभोवती बांधले आणि ते फ्रेंच राज्यक्रांतीतून उसने घेतलेले नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतले आहेत हे स्पष्ट केले. बी.बी.सी.वरून मे १९५६ मध्ये बौद्ध धम्म आपल्याला का आवडतो हे सांगितले तेव्हाही तीच रीत: प्रज्ञा, करुणा, समता. ग्रंथ लिहिताना हजार पाने लिहिणारा माणूस ध्वनिक्षेपकासमोर तीनच मुद्दे घेऊन बसतो. आणि शब्द, चाल, ढोलकी, अभिनय या सर्वांचा मेळ घालून गावोगाव विचार नेणारे आंबेडकरी जलसे तर आपले अस्सल बहुमाध्यम. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी हे काम कोणत्याही पदवीविना केले.

मराठी लिहिणाऱ्याला एक तांत्रिक बाब माहीत हवीच. पूर्वी, आणि काही छापखान्यांत अजूनही, संगणकावरील मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टमध्ये जुळविला जाई. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसत. आता युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला, काना-मात्रेला, अनुस्वाराला स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. तो मजकूर कोठेही उघडतो आणि मुख्य म्हणजे शोधता येतो. आपल्या संस्थांच्या जुन्या स्मरणिका ज्या जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडल्या आहेत, त्या युनिकोडमध्ये आणणे हे एकेका विद्यार्थ्याचे सुटीतील काम होऊ शकेल.

याच क्रमांकांमुळे मोबाईलच्या साध्या संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात तेथे मराठीची फक्त ७० मावतात, आणि त्या सत्तरांत काना, मात्रा, रिकामी जागा सगळे वेगवेगळे मोजले जाते. 'महाड' या शब्दाला चार जागा लागतात, 'सावित्री'ला आठ. वर्गात मुलांना देण्यासारखा हा चांगला स्वाध्याय आहे: पुराची सूचना सत्तर जागांत बसवा. आम्ही नमुन्यादाखल एक करून पाहिली. 'गांधारीचे पाणी पुलावर. रायगड रस्ता बंद. नाते, रात्री ९, ता. २२.' यात त्रेसष्ट जागा लागल्या. काय, कोठे, केव्हा हे सर्व आले, आणि 'कृपया सर्वांनी काळजी घ्यावी' हे आले नाही. ते न सांगता समजते.

हा स्वाध्याय आम्ही उगीच सुचवीत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्यात होते, त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. मोबाईलची सेवा कोलमडली होती, रस्ते पाण्याखाली होते, बातमी बाहेर पोहोचायला आणि मदत आत यायला वेळ लागला. त्यापूर्वी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी तेच भोगले होते. इंटरनेट मंदावते तेव्हा चलचित्र जात नाही, छायाचित्र अडकते, पण क्षीण जोडणीवरही एखादा लहान संदेश कधी कधी निसटून जातो. आणि काहीच जात नाही तेव्हा वहीत लिहिलेले फोन नंबर, वाडीतील घरांची यादी, कोणत्या घरात म्हातारी माणसे आहेत याची नोंद, हे कामाला येते. डिजिटल शिकणाऱ्याने वही टाकून देऊ नये.

कायदा, नोकरी आणि खर्च

कायद्याविषयी थोडक्यात. २०१२ साली पालघरमध्ये फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ या कलमाला आव्हान दिले गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. याचा अर्थ काहीही लिहावे असा नाही. बदनामी, दोन समाजांत तेढ, स्त्रियांची अप्रतिष्ठा यांसंबंधीचे कायदे मोबाईललाही लागू आहेत. दुसऱ्याचे छायाचित्र, दुसऱ्याचे गाणे परवानगीविना आपल्या फितीत घेता येत नाही. आपल्याकडे लेखकाचा हक्क त्याच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. बाबासाहेबांचे स्वतःचे लेखन त्या हिशेबाने आता सर्वांना खुले झाले आहे, त्यांच्यावर इतरांनी रचलेली गाणी मात्र सरसकट नव्हेत.

ही पदवी घेतली की नोकरी ठेवलेलीच आहे, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. वृत्तपत्रांतील जागा कमी झाल्या आहेत, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे साचेबंद मजकूर क्षणात लिहून देऊ लागली आहेत. पण यंत्र जुईला जाऊन कोणाशी बोलत नाही. रुग्णालये, सहकारी संस्था, शाळा, शासकीय योजना, प्रकाशने या सर्वांना नेमके मराठी लिहिणारी आणि आवाज-चित्र हाताळणारी माणसे लागतात. ज्याला वाचनाची आवड नाही त्याने मात्र केवळ कॅमेऱ्याच्या मोहाने इकडे येऊ नये. इंग्रजी कामापुरते येणे जरूर आहे. ते कच्चे असेल तर पहिल्या वर्षीच त्यावर मेहनत घ्यावी, लाजून मागच्या बाकावर बसू नये.

खर्चाचा प्रश्न येतोच. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. त्यामुळे पात्र विद्यार्थ्यांना भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. महाराष्ट्रात तो महाडीबीटी या संकेतस्थळावरून भरतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास यांची तयारी निकालाची वाट न पाहता करावी, कारण जून-जुलैत तहसील कचेरीत गर्दी असते. बिनअनुदानित वर्गाची फी अधिक असते. शिष्यवृत्तीतून त्यातील किती भाग मिळतो, हे कॉलेजच्या कचेरीत लेखी विचारून घ्यावे.

शताब्दीचे काम

महाडच्या सत्याग्रहाच्या शताब्दीचे वर्ष २०२७ हे होय. तळ्यावर गेलेल्या त्या पिढीतील माणसे आपल्यातून गेली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या थोड्यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. पण भाकरी बांधून पायी महाडला गेलेल्या बहुसंख्य माणसांनी काही लिहिले नाही, त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांनी ज्यांना सांगितले ती मुले आणि नातवंडे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. आमची आजी काय म्हणायची, आजोबा कोणत्या वाटेने गेले, परतल्यावर गावात काय झाले, पाणवठा केव्हा खुला झाला, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घरातील देव्हाऱ्याचे काय केले, हे त्यांच्याजवळ आहे आणि दुसरीकडे कोठेही नाही. एखादे वर्ष लोटले की त्यांतील काही कमी होते.

अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या असोत वा नसोत, आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे, असे आम्ही सुचवितो. साधन म्हणून साधा मोबाईल पुरतो. पंखा बंद करावा, दार लोटावे, मोबाईल बोलणाऱ्याच्या जवळ, उशीवर किंवा घडी घातलेल्या चादरीवर ठेवावा म्हणजे खडखड येत नाही. आरंभी स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, वाडी, बोलणाऱ्याचे नाव आणि वय सांगावे, आणि ध्वनिमुद्रणाला त्यांची संमती आहे हे त्यांच्याच तोंडून घ्यावे. प्रश्न लहान विचारावेत. 'सत्याग्रहाविषयी आपले विचार सांगा' असे विचारले तर आजी भाषण करील. 'तुमचे सासरे महाडहून किती वाजता घरी आले, असे सांगत?' असे विचारले तर ती आठवू लागेल. मध्ये गप्प बसल्या तर आपणही गप्प बसावे, चटकन दुसरा प्रश्न टाकू नये. ऐकलेले आणि पाहिलेले यांतील फरक वहीत नोंदवावा: हे त्यांनी स्वतः पाहिले, हे सासूकडून ऐकले. बोली जशी आहे तशी उतरवावी, शुद्ध करू नये.

फाईलीला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव आणि शेवटी नाव अशा क्रमाने नाव द्यावे, म्हणजे संगणकात त्या आपोआप तारखेने लागतात. एक प्रत बोलणाऱ्याच्या घरी द्यावी, एक संस्थेकडे, आणि एक मुंबईतील नातेवाइकाकडे ठेवावी. गावात पाणी शिरले तरी ती तेथे सुरक्षित राहील.